संग्रहाची घडण: सार्वजनिक कलादालन आणि निवडीचा प्रश्न
(बंगळूरच्या विशेष संदर्भात)

बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यालगत वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ही कर्नाटक शासनाच्या 'केओनिक्स' या महामंडळाने 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोणप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर या गावांच्या परिसरात उभारलेली उद्योगवसाहत होय. माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायाने गेल्या तीन-चार दशकांत निर्माण केलेल्या संपत्तीचे ती एक प्रतीकच बनली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये 'नम्म मेट्रो'ची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि ही वसाहत शहराच्या मध्याशी रेल्वेने जोडली गेली. तथापि शहरातील प्रमुख सार्वजनिक कलासंग्रह आजही कस्तुरबा रस्ता, कुमारकृपा रस्ता आणि पॅलेस रस्ता या जुन्या, मध्यवर्ती परिसरातच एकवटलेले आहेत. कंपन्यांच्या स्वागतकक्षांतून चित्रे टांगलेली असतात, आवारांतून शिल्पेही उभी असतात. परंतु त्यांना 'संग्रह' म्हणता येईल काय, आणि म्हणायचे झाल्यास त्याला 'सार्वजनिक' हे विशेषण केव्हा लावता येईल, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. सार्वजनिक कलासंग्रह कसा घडतो आणि कसा वाढतो, याचे विवेचन या प्रश्नाच्या अनुरोधाने करणे येथे योजिले आहे.

1. दालन आणि संग्रह

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'कलादालन' हा शब्द मराठीत दोन भिन्न संस्थांसाठी वापरला जातो. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये स्थापन झाली. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. परंतु ती मुख्यतः प्रदर्शनांची जागा आहे. आठवडाभर चित्रे भिंतीवर असतात आणि नंतर चित्रकाराच्या किंवा ग्राहकाच्या घरी जातात. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत 1996 पासून असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे मात्र राष्ट्रीय संग्रहाचे मुंबईतील केंद्र आहे. पहिल्या संस्थेत काळ भिंतीवरून वाहून जातो, दुसरीत तो साठतो. संग्रह म्हणजे 'हे परत जाणार नाही' असा निर्णय, आणि त्या निर्णयाची जबाबदारी पुढील पिढ्यांवर सोपविण्याची कृती.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे प्रमाणभूत साहित्यसंचिताची, म्हणजे 'कॅनन'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही ठिकाणी निवड आहे, वगळणे आहे, अभिरुचीचे आणि सत्तेचे राजकारण आहे. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये निवर्तल्या आणि त्यांची कविता 1952 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या हयातीत मराठी काव्यविश्वाने त्यांची दखल घेतली नव्हती, तरीही ही चूक नंतर दुरुस्त करता आली, कारण शब्दकृतीची प्रत काढता येते. एक हस्तलिखित वाचले की कविता वाचते, आणि ती वाचनालयात शंभर ठिकाणी एकाच वेळी असू शकते. चित्राचे तसे नसते. ते एकच असते. योग्य वेळी घेतले गेले नाही, तर ते दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्या देशात किंवा वाळवीच्या तोंडी जाते. वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला डिसेंबर 2015 मध्ये मुंबईतील लिलावात 29 कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. ज्या संग्रहालयाने गायतोंडे यांचे महत्त्व अर्धशतकापूर्वी ओळखले नाही, त्याला आज ते कितीही पटले तरी त्या पटण्याचा उपयोग थोडाच. साहित्यसंचिताची पुनर्मांडणी पुनर्वाचनाने होते. कलासंग्रहातील पोकळी पुनर्विचाराने भरत नाही. म्हणूनच संग्रहाच्या घडणीत 'केव्हा' हा प्रश्न 'काय' या प्रश्नाइतकाच निर्णायक ठरतो.

2. दानाची वाट

भारतातील बहुतेक सार्वजनिक कलासंग्रहांचा पाया दानाने घातला गेला आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण मराठी वाचकाला परिचित आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमविलेल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या स्मृतीस वाहिलेल्या सुमारे 20 हजार वस्तू 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. अडकित्ते, दिवे, दारे, वाद्ये यांतून जो महाराष्ट्र तेथे दिसतो, तो एका कवीच्या नजरेने निवडलेला महाराष्ट्र आहे. शासनाने वस्तू स्वीकारल्या, आणि त्याबरोबर ती नजरही.

बंगळूरमध्ये हीच प्रक्रिया अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात आढळते. कर्नाटक चित्रकला परिषद ही 1960 मध्ये सुरू झालेली संस्था. एम. एस. नंजुंड राव यांच्या पुढाकाराने ती वाढली. तिच्या दालनांतून फिरताना तीन वेगवेगळे हात दिसतात. निकोलाय आणि स्वेतोस्लाव रोरिख या पितापुत्रांची हिमालयाची व माणसांची चित्रे आहेत. स्वेतोस्लाव बंगळूरचेच रहिवासी झाले होते, त्यामुळे ही चित्रे येथे आली. उद्योजक एच. के. केजरीवाल यांनी दिलेला संग्रह आहे. त्यात आधुनिक भारतीय चित्रकलेचे, विशेषतः बंगाल परंपरेचे दर्शन घडते. आणि तिसरा भाग म्हैसूरची पारंपरिक चित्रे व चामड्याच्या बाहुल्या यांचा आहे. नंजुंड राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, पाहणी करून तो जमविला. पहिले दोन भाग दात्यांच्या आयुष्यक्रमाने ठरले, तिसरा मात्र संस्थेने स्वतःला विचारलेल्या प्रश्नातून निर्माण झाला. कर्नाटकाची दृश्यपरंपरा कोणती, हा तो प्रश्न होय.

दानाचे गुणदोष या उदाहरणात एकत्र दिसतात. दान नसते तर निधीची वानवा असलेल्या संस्थेकडे एवढी चित्रे कधीच आली नसती. परंतु दात्याची अभिरुची ही दानाची न लिहिलेली अट असते. पुष्कळदा लिहिलेल्या अटीही असतात: संग्रह एकत्र ठेवावा, दालनास नाव द्यावे, अमुक चित्र कायम भिंतीवर असावे. अशा अटी स्वीकारणारे संग्रहालय वस्तूंबरोबर भविष्यातील आपले स्वातंत्र्यही देऊन बसते. म्हणून अनुभवी अभिरक्षक दान नाकारण्याचे धोरण आधी लिहून ठेवतात. नाकारणे ही संग्रहाच्या घडणीतील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दिसणारी कृती आहे.

कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय व्यंकटप्पा कलादालन हे दानाचे आणखी एक रूप दाखविते. म्हैसूर दरबाराचे चित्रकार के. व्यंकटप्पा (1886-1965) हे कलकत्त्यात अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य. उटीच्या निसर्गाची त्यांची जलरंगचित्रे हा या दालनाचा गाभा. त्यास पुढे के. के. हेब्बर यांच्या चित्रांची जोड मिळाली. उडुपीजवळच्या खेड्यात जन्मलेले, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले आणि मुंबईतच कारकीर्द घडविलेले हेब्बर यांनी आपली चित्रे कर्नाटकाला द्यावीत, यात चित्रकाराने स्वतःच आपले 'स्थान' ठरविण्याचा प्रयत्न आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही सांस्कृतिक प्रदेशांचा ज्याच्यावर हक्क सांगता येईल, असा चित्रकार कोणत्या संग्रहात असावा, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने अवश्य विचारावा असा आहे.

3. खरेदीची वाट

खरेदी ही संग्रहालयाची स्वतःची भाषा असते. दानात दाता बोलतो. खरेदीत संस्था बोलते, निदान तिने बोलावे अशी अपेक्षा असते. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या चित्रदालनासाठी युरोपीय चित्रे विकत घेतली तेव्हा निवडीचे काम मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे सोपविले होते. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे येण्यास विलंब झाला आणि दालन 1921 मध्ये खुले झाले. प्रजेला युरोपीय कलेचा इतिहास मूळ चित्रांतून पाहता यावा, हा हेतू उदात्त होता. परंतु त्या इतिहासाची कल्पना तज्ज्ञाच्या काळाची आणि देशाची होती. त्याच काळात पॅरिसमध्ये जे घडत होते, त्याचा मागमूस अशा संग्रहात मिळणे कठीण. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर यांचे 'माता आणि मूल' हे शिल्पही आले, ही म्हणूनच विशेष लक्षणीय गोष्ट ठरते. संस्थान लहान, परंतु खरेदी समकालीन होती.

समकालीन खरेदीचे भारतातील सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र कलासंग्रहालयाचे नाहीच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रारंभ 1945 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात झाला आणि त्याच वर्षी ती मुंबईस गेली. तिचे संस्थापक होमी भाभा स्वतः चित्रे काढीत. नव्या वास्तूच्या खर्चाचा सुमारे एक टक्का कलाकृतींसाठी वापरण्यास त्यांनी जवाहरलाल नेहरूंची संमती मिळविली आणि 1950-60 च्या दशकांत हुसेन, आरा, हेब्बर, गायतोंडे, तय्यब मेहता अशा, त्या वेळी तरुण किंवा अल्पपरिचित असलेल्या चित्रकारांची चित्रे संस्थेने विकत घेतली. 1966 मध्ये भाभांचे निधन झाल्यावरही एम. जी. के. मेनन यांच्या कार्यकाळात ही खरेदी काही काळ चालू राहिली. आज तेथे अडीचशेच्या आसपास कलाकृती आहेत. या उदाहरणाचे मर्म तीन गोष्टींत आहे: खर्चाचे प्रमाण आधी ठरलेले होते, निवड करणारा माणूस प्रदर्शनांना स्वतः जात होता, आणि खरेदी चित्रकाराच्या उमेदीच्या काळात झाली. पैसा यांपैकी केवळ पहिल्या गोष्टीत मोडतो.

तरीही या संग्रहाच्या सार्वजनिकतेस मर्यादा आहे. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात टांगलेले चित्र पाहण्यासाठी प्रवेशद्वारावर नाव नोंदवावे लागते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात हा संग्रह प्रदर्शित झाला, तेव्हाच सामान्य प्रेक्षकाला तो एकत्रितपणे पाहता आला.

4. हस्तांतर आणि कायदा

तिसरी वाट शासनाची. दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1954 मध्ये जयपूर हाउसमध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले अभिरक्षक हर्मन गोएट्झ हे बडोद्याच्या संग्रहालयातून आले होते; संस्थानी संग्रहाचा अनुभव अशा रीतीने राष्ट्रीय संग्रहाच्या कामी आला. अमृता शेरगिल यांची चित्रे त्या संग्रहाचा प्रारंभीचा कणा ठरली. याच संस्थेची बंगळूर शाखा 2009 मध्ये पॅलेस रस्त्यावरील माणिक्यवेलू हवेलीत सुरू झाली आणि तिच्या प्रारंभीच्या मांडणीसाठी चित्रे दिल्लीच्या संग्रहातून आली. याचा अर्थ असा की, दक्षिणेतील प्रेक्षकाने आधुनिक भारतीय कलेचा जो क्रम पाहिला, तो आधी उत्तरेत सिद्ध झालेला होता. मद्रासचे चित्रकार, हैदराबादचे, म्हैसूरचे चित्रकार या क्रमात कोठे आणि किती असावेत, हे शाखेने पुढे केलेल्या प्रदर्शनांतून व नव्या नोंदींतूनच ठरू शकते. भाषांतरित साहित्येतिहासाच्या संदर्भात तौलनिक अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही.

कायद्याच्या हस्तक्षेपाचे टोकाचे उदाहरणही बंगळूरच्याच परिसरातील आहे. स्वेतोस्लाव रोरिख आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री देविकाराणी, यांचे वास्तव्य कनकपुर रस्त्यावरील तातगुणी येथील साडेचारशे एकरांहून मोठ्या मळ्यात होते. 1993 मध्ये स्वेतोस्लाव आणि 1994 मध्ये देविकाराणी निवर्तल्या. दोघांनाही अपत्य नव्हते. मालमत्तेवरून वाद उभा राहिला. कर्नाटक शासनाने 1996 मध्ये खास कायदा करून ही मालमत्ता संपादन केली. चित्रांचे जतन आणि कलादालनासह संग्रहालयाची उभारणी ही त्यामागील उद्दिष्टांपैकी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2011 मध्ये हा कायदा वैध ठरविला. म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूपासून मालकीचा प्रश्न निकालात निघेपर्यंत अठरा वर्षे गेली. कागद, कापड आणि रंग न्यायालयाच्या तारखांची वाट पाहत नाहीत. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये निकोलाय रोरिख यांच्यासह नऊ चित्रकारांच्या कृती कलानिधी मानल्या गेल्या असून त्या देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. परंतु देशाबाहेर न जाणे आणि देशात सुरक्षित असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा चित्राला सीमेवर अडवितो. त्याची धूळ पुसण्याचे काम माणसालाच करावे लागते. येथेच संग्रहाची घडण वेळेवर किती अवलंबून असते, हे सर्वाधिक जाणवते. चित्रकाराच्या हयातीत केलेले एक स्वच्छ दानपत्र आणि चित्रांची एक पूर्ण यादी यांनी जे सहज साधले असते, ते नंतर विधिमंडळाला आणि न्यायालयाला करावे लागले.

5. नोंदवही, कोठार आणि वाढ

वस्तू दारातून आत आली म्हणजे ती संग्रहात आली, असे होत नाही. ती नोंदवहीत यावी लागते. दाखल-क्रमांक, चित्रकार, शीर्षक, माध्यम, आकार, काळ, कोणाकडून व कशी मिळाली, मालकीचा पूर्वेतिहास, मिळाली तेव्हाची अवस्था आणि छायाचित्र एवढी माहिती नोंदली गेली, की तिला चोरी, अदलाबदल आणि विस्मरण या तिन्हींपासून काही संरक्षण मिळते. या अर्थाने नोंदवही हाच संग्रहाचा मूळ ग्रंथ होय.

भिंतीवर जे दिसते, ते त्या ग्रंथाचे केवळ एक पान असते. जलरंगातील आणि कागदावरील कृतींना सुमारे 50 लक्सहून अधिक प्रकाश सोसत नाही, आणि तोही काही महिनेच. मग त्यांना अंधारात विश्रांती द्यावी लागते. व्यंकटप्पांची जलरंगचित्रे प्रेक्षकाला सदैव पाहता यावीत असे वाटणे आणि ती टिकावीत असे वाटणे, या इच्छांचा एकमेकींशी विरोध आहे. म्हणून संग्रहाला खोली लागते: एक चित्र कोठारात गेले की त्याच्या जागी ठेवण्यास दुसरे समतोल चित्र असावे लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत नाकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवलेले आहेत, जेणेकरून पुढील अभ्यासकाला संपादकाशी वाद घालता यावा. संग्रहालयाच्या कोठाराचे कार्य असेच असते. आजच्या अभिरक्षकाने मागे ठेवलेली चित्रे उद्याचा अभिरक्षक पुढे आणू शकतो. यासाठीच संग्रहातून वस्तू काढून टाकण्याबाबत आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता कठोर आहे: तशी विक्री झालीच, तर मिळालेले धन संग्रहाच्याच कामी लागले पाहिजे.

वाढ म्हणजे संख्येत भर एवढेच मानणे चुकीचे ठरेल. पोकळी ओळखून ती भरणे ही खरी वाढ. अभिषेक पोद्दार यांच्या कौटुंबिक संग्रहाच्या दानातून उभ्या राहिलेल्या आणि 2023 मध्ये कस्तुरबा रस्त्यावर वास्तुरूपाने खुल्या झालेल्या कला व छायाचित्र संग्रहालयाने छायाचित्रे, चित्रपटांची भित्तिपत्रके आणि वस्त्रे यांना चित्रांच्या बरोबरीने स्थान दिले. ज्योती भट्ट यांची ग्रामीण भारताची छायाचित्रे तेथे आहेत, तसेच मध्य प्रदेशातील नागदा येथील 'स्टुडिओ सुहाग' या छोट्या छायाचित्रगृहात काढलेली सामान्य माणसांची छायाचित्रेही आहेत. शासकीय संग्रहांनी दीर्घकाळ 'कला' म्हणून ज्यांकडे पाहिले नव्हते, त्या वस्तूंची ही नोंद आहे. न्यासाने चालविलेल्या संस्थेने ही पोकळी भरावी, यात शासकीय संग्रहांवरील एक मूक टीकाही दडलेली आहे.

6. सार्वजनिकतेचा अर्थ

'सार्वजनिक' हे विशेषण मालकीवरून ठरते की वापरावरून, याचे उत्तर बंगळूरच्या कलावंतांनी 2016 मध्ये आपल्या कृतीने दिले. व्यंकटप्पा कलादालन विकासासाठी एका खासगी न्यासाकडे 'दत्तक' देण्याची शासनाची योजना पुढे येताच त्यांनी दालनासमोर चित्रे काढून, सभा घेऊन, प्रयोग सादर करून विरोध नोंदविला आणि ती योजना प्रत्यक्षात आली नाही. योजनेच्या समर्थकांचे म्हणणेही निराधार नव्हते: दालनाची अवस्था सुधारण्यास निधी हवा होता, आणि शासनाकडून तो येत नव्हता. परंतु कलावंतांचा आक्षेप निधीवर नव्हता. निर्णय कोणाला विचारून झाला, यावर होता. ज्या संग्रहाबद्दल नागरिक भांडू शकतात, तो सार्वजनिक. ज्याच्या निवडीचे कारण विचारता येत नाही, तो कितीही उदारपणे दाखविला गेला तरी आतिथ्यच राहतो.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. स्वागतकक्षातील चित्र हे सजावट आहे की संग्रहाचा प्रारंभ, हे चित्रावरून ठरणार नाही. ते नोंदवहीत आहे काय, कंपनीचे मालक बदलल्यावर त्याचे काय होणार हे लिहिलेले आहे काय, फाटकाबाहेरील माणसाला ते ठरलेल्या दिवशी पाहता येते काय, आणि निवड करणाऱ्या समितीत कंपनीबाहेरचा कोणी आहे काय, या चार प्रश्नांवरून ते ठरेल. भाभांची संस्था ज्या शहरात जन्मली, त्याच शहराच्या एका टोकाला आज तिच्याहून कितीतरी अधिक धन आहे. वास्तूच्या खर्चाचा शंभरावा हिस्सा, प्रदर्शने पायी हिंडून पाहणारी एखादी जाणकार व्यक्ती आणि एक प्रामाणिक नोंदवही एवढ्या सामग्रीवर तेथेही संग्रह उभा राहू शकेल. मात्र आज ज्या तरुण चित्रकारांची चित्रे सहज घेता येण्यासारखी आहेत, ती तशी फार काळ राहणार नाहीत. चुकलेली कविता पुन्हा छापता येते. चुकलेले चित्र परत मिळेलच असे नाही.